पडशाची कैफियत

ज्यांची हयात कचेरीत, पेढीवर किंवा बाकांवर शहाण्यासारखे बसणाऱ्या थोरल्या विद्यार्थ्यांसमोर गेली, त्यांच्या लेखी पडसे म्हणजे ऋतू पालटताना वर्षातून दोन-तीनदा होणारा एक किरकोळ विकार असतो; परंतु ज्या बाईच्या मांडीवर सकाळपासून एकामागून एक शेंबडी लेकरे चढत-उतरत असतात, तिच्या बाबतीत पडसे केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण पहिल्या पडशाचा खोकला छातीत घरघरत असतानाच दुसऱ्याची पहिली शिंक येऊन गेलेली असते. आषाढात बालवाडी भरात आली की माझा घसा जो बसतो तो माघ सरेपर्यंत पुरता उठत नाही. या काळात माझा खरा आवाज कोणता, हे घरच्यांनाही नक्की सांगता येणार नाही.

आमचे परतूर हे तालुक्याचे गाव. जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. अशा गावात कोणाचा आजार ही खासगी बाब राहत नाही. किराणा दुकानात साखर तोलून मिळण्याआधी सल्ला तोलून मिळतो, आडतीवरचे वृद्ध मुनीम भर रस्त्यात थांबवून ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला सांगतात, शेजारच्या आक्का वेखंड उगाळून कपाळाला लावण्याचा आग्रह धरतात, आणि एखादी पालक, आपल्याच लेकराने ते पडसे मला दिलेले आहे याचे भान न ठेवता, निरागसपणे म्हणते, “बाई, तुमची सर्दी काई जाऊच नाही राह्यली. अंगात काई कमी हाय का पहा बरं.” हे सगळे उपाय मी केले आहेत, काही तर आवडीने केले आहेत. सुंठ, मिरे आणि गवती चहा यांचा गूळ घातलेला काढा मला मनापासून प्रिय आहे, आणि त्याने घशाला जो आराम पडतो तो खोटा नाही. मात्र घशाला आराम पडणे आणि पडसे न होणे या दोन भिन्न बाबी आहेत, आणि त्यांची गल्लत करण्यातच या देशातील निम्म्या औषधांचा खप सामावलेला असावा असा माझा संशय आहे.

‘अंगात काही कमी आहे’ या आरोपाला मात्र मी हरकत घेते. हा दुर्बळतेचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. प्रौढ माणसाला वर्षाकाठी दोन-तीन पडशी होतात, लहान मुलाला सहा ते आठ, आणि चार मुलांत वावरणाऱ्या मुलाला त्याहूनही अधिक. माझ्या पटावर पंचवीस लेकरे धरली तरी वर्षभरात पावणेदोनशे-दोनशे पडशी त्या एका खोलीतून ये-जा करणार, आणि त्यांतील प्रत्येक पडसे माझ्या पदराला, बोटांना आणि श्वासाला स्पर्श करून जाणार हे उघड आहे. पडशाचा जो सर्वांत प्रचलित विषाणू आहे, त्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार शास्त्रज्ञांनी मोजले आहेत. एकाशी झगडून शरीराने जे शिकून घेतले ते दुसऱ्याच्या वेळी फारसे कामी येत नाही, आणि शिकलेलेही कालांतराने विसरले जाते. सुश्रुताने आपल्या ग्रंथात प्रतिश्यायाचे, म्हणजे पडशाचे, पाच प्रकार सांगितले आणि त्याच्या कारणांत धूर, धूळ, शीत आणि मलमूत्राच्या वेगांचा अवरोध यांची गणना केली, हे प्रसिद्ध आहे. मला मात्र त्याच ग्रंथातील दुसरे एक स्थळ अधिक मोलाचे वाटते, जेथे काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात ते सांगताना अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे आणि एकमेकांची वस्त्रे वापरणे यांचा निर्देश आहे. ही यादी ज्वर, कुष्ठ, शोष आणि डोळे येणे यांना उद्देशून केलेली आहे, पडशाचे नाव तीत नाही. तरी ती वाचताना सुश्रुताचार्य एखाद्या दिवशी आमच्या सतरंजीवर बसून गेले असावेत असे वाटल्यावाचून राहत नाही.

पडसे येते कोठून, याचा माग काढण्याचा मला एक छंदच जडला आहे. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने उतरलेला मामा, जालन्याच्या लग्नाला जाऊन आलेले अख्खे घर, गावची जत्रा, आठवड्याचा बाजार, यांपैकी काही ना काही घडल्यावर दोन-तीन दिवसांत त्या घरचे लेकरू नाक ओढत येते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसणाऱ्यांची पाळी लागते. दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातली कित्येक कुटुंबे बैलगाडीने नाहीतर ट्रकने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, फडावरच्या कोपीत हिवाळा काढतात आणि उन्हे तापू लागली की परततात. त्यांची मुले परत पटावर येतात तेव्हा त्यांच्याबरोबर गावात त्या वर्षी न आलेले एखादे पडसेही येते, आणि माघ सरला म्हणजे सुटका झाली असे मानून बसलेली मी चैत्राच्या तोंडावर पुन्हा शिंकू लागते. माझे शरीर हे गावाच्या येण्याजाण्याचे आवक-जावक रजिस्टरच झाले आहे म्हणा ना. कोण कोठे जाऊन आले याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही, ती माझ्या नाकात सापडेल. यात अभूतपूर्व असे काही नाही. 1918 साली ‘मानमोडी’ या नावाने जुन्या पिढीच्या स्मरणात राहिलेला इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि आगगाडीच्या रुळांवरूनच देशभर पसरला. माणूस जेथे जातो तेथे त्याच्या श्वासाबरोबर काय काय प्रवास करते याला तिकीट लागत नाही.

आता प्रत्यक्ष नाकाकडे वळते, कारण या विषयावर लिहिणारे पुष्कळसे लोक नाकाला हात लावत नाहीत. आमच्याकडे नवी दाखल झालेली लेकरे बहुधा छातीवर डाव्या बाजूला सेफ्टी पिनने टाचलेला रुमाल घेऊन येतात. हा रुमाल आईने सकाळी धुऊन, घडी घालून लावलेला असतो. दहा वाजता त्याने नाक पुसले जाते, साडेदहाला त्याच रुमालाने पाटी पुसली जाते, अकराला त्यात चार चुरमुरे बांधून ठेवले जातात, आणि साडेअकराला शेजारच्या मैत्रिणीला रडू आले की मोठ्या औदार्याने तोच तिच्या डोळ्यांना लावला जातो. हे औदार्य मोडून काढावे असे मला कधी वाटले नाही. मी फक्त इतकेच केले आहे की जुनी सुती लुगडी फाडून त्यांच्या वीतभर चिंध्या करून ठेवते. एका नाकाला एक चिंधी, वापरली की झाकणाच्या डब्यात, आणि संध्याकाळी आमच्या मदतनीस मावशी तो डबा उकळत्या पाण्यात ओततात. कागदी रुमाल शहरात वापरतात, पण त्यांचा खर्च दरमहा कोणाच्या खाती टाकायचा या प्रश्नावर तो विषय संपतो.

नाक पुसणे सोपे, शिंकरणे अवघड. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकाला चिंधी लावून ‘फू कर’ म्हटले की ते हटकून तोंडाने फुंकते, आणि ‘नाकाने’ म्हटले की जे बाहेर यायचे ते सगळे एका दमात आत ओढून घेते आणि विजयी मुद्रेने बाईंकडे पाहते. यावर तोडगा या मातीतच सापडला. कपाशीच्या दिवसांत परतूरच्या रस्त्यांवर, कुंपणांच्या काट्यांवर, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे कापसाचे पुंजके अडकून राहिलेले असतात. त्यांतला नखाएवढा पुंजका तळहातावर ठेवून, ओठ घट्ट मिटून, एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने तो उडवायचा असा खेळ आम्ही खेळतो. प्रथम काहीच हलत नाही. मग एखाद्या मुलीच्या ध्यानात येते की वारा नाकातूनही निघतो, तिचा पुंजका थरथरतो आणि समोरच्याच्या भांगात जाऊन बसतो, आणि त्या एका क्षणी खोलीतल्या सगळ्यांना नाकाचे प्रयोजन उमगते. हा खेळ निरोगी दिवशीच खेळावा हे सांगायला नको. नाहीतर कापसाबरोबर जे उडते त्याचे वर्णन मी करणार नाही.

“पडसं झालेलं लेकरू घरी ठेवत जा म्हणावं,” असे मला वारंवार सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या घरी लेकरू सांभाळायला बहुधा कोणीतरी असते. ज्या आईला सूर्य वर येण्याच्या आत कापूस वेचायला पोचायचे आहे आणि किलोवर मजुरी मिळायची आहे, तिने लेकराचे नाक वाहते म्हणून घरी बसायचे म्हटले तर तिला वर्षातले कित्येक दिवस मजुरीवर पाणी सोडावे लागेल. आणि घेतलेच लेकराला बरोबर, तर ते धुऱ्यावर धुळीत दिवसभर बसणार. शिवाय पडसे सर्वांत जास्त पसरते ते पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे ते पुरते ओळखू येते न येते तोवर पुष्कळ पसरून झालेलेही असते. म्हणून मी माझ्यापुरता दंडक घालून घेतला आहे. नुसते नाक वाहत असेल, खेळत असेल, खात असेल, तर ते लेकरू खुशाल यावे. ताप असेल, पाणीसुद्धा नको म्हणत असेल, किंवा आमच्याकडे म्हणतात तसे ‘पोट उडत’ असेल, म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर त्याने बालवाडीत नव्हे, विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. वर्षाच्या पुढच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून अधिक भरले तर ते साधे पडसे समजू नये, हे मी दर जूनमध्ये पालकांना सांगते, आणि घड्याळ पाहून श्वास मोजायला शिकवते. शांत झोपलेल्या लेकराच्या पोटावर नजर ठेवून आकडे मोजणाऱ्या त्या बायांना, ज्यांतल्या कित्येकींनी स्वतः शाळेची पायरी चार वर्षेच चढलेली असते, हे काम विलक्षण नेटके जमते.

डॉक्टरांकडे गेले म्हणजे मात्र दुसरेच प्रकरण उद्भवते. “सुई दिली का?” हा आमच्याकडचा पहिला प्रश्न, आणि “नाही दिली” हे उत्तर ऐकून आजोबांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते ती पाहिली की डॉक्टरांवर किती दडपण येत असेल याची कल्पना येते. शेंबूड हिरवा झाला म्हणजे ‘पिकला’, आणि पिकला म्हणजे भारी औषध पाहिजे, हा समज तर घट्ट रुजलेला आहे. वस्तुतः तो हिरवा रंग शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींतील एका द्रव्याचा असतो, आणि जंतुनाशक गोळ्या विषाणूला शिवतही नाहीत. खोकल्याच्या सरबतांविषयी आम्ही अधिक बेफिकीर होतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात भेसळयुक्त औषधाने मुले दगावली, त्यात मूत्रपिंडे निकामी करणारे डायएथिलीन ग्लायकॉल आढळले, आणि दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत असे केंद्राच्या आरोग्य खात्याने जाहीर केले, तेव्हा कोठे घराघरांतल्या फळीवरच्या अर्धवट बाटल्या उकिरड्यावर गेल्या. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वरचेवर पाणी, आणि वर्ष उलटलेल्या मुलाला झोपताना बोटभर मध, एवढ्यावर बहुतेक पडशी निभावतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटही लावू नये. ही गोष्ट आजीला पटवणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत कठीण काम आहे.

इंग्लंडात सॉल्झबरीजवळ 1946 पासून चाळीसहून अधिक वर्षे पडशाच्या संशोधनाची एक संस्थाच होती. तेथे लोक स्वखुशीने दहा-दहा दिवस जाऊन राहत, नाकात विषाणूचे थेंब घालून घेत आणि शिंकत बसत. गरम पाण्याने नहायला लावून ओल्या अंगाने वाऱ्यात उभे केले तरी नुसत्या गारठ्याने पडसे होत नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. आपल्या आयांच्या श्रद्धेला धक्का देणारी ही बाब मी सहसा बोलून दाखवत नाही. याहून मला कामाचा वाटला तो अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे झालेला आणि 1987 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. पडसे झालेले आणि न झालेले पुरुष तासन्‌तास एका टेबलाशी पत्ते खेळत बसवले, काहींच्या हातांना असे काही बांधले की हात नाकापर्यंत पोचूच नयेत, तरी पडसे लागायचे त्यांना लागलेच; उलट शेंबडाने बरबटलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत नेऊन निरोगी माणसांना खेळायला दिले तर कोणालाही काही झाले नाही. हाताने पडसे पसरतच नाही असे यावरून म्हणता येणार नाही, तसे दाखवणारे प्रयोगही झाले आहेत, आणि म्हणून आमच्या दारात जुन्या मोज्यात घातलेली साबणाची वडी आणि झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली टांगलेली असते, पाण्याची टंचाई असली तरी तेवढ्या बारीक धारेत एका तांब्यात चार लेकरांचे हात धुऊन होतात; पण हवेचा वाटा किती मोठा आहे हे त्या पत्त्यांनी मला शिकवले.

आणि येथेच एक विसंगती मनाला टोचते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन 1945 साली बोर्डीला जे काम आरंभले, त्यात मुले शाळेत येत नाहीत असे पाहिल्यावर शाळाच मुलांच्या वस्तीत नेली, कोणाच्या तरी अंगणात भरवली, पाठ देण्याआधी मुलांना स्वच्छ केले, त्यांची नाके पुसली. अंगणवाडी ही कल्पना तेथून निघाली, आणि पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बाल विकास योजनेने तेच नाव देशभर नेले. परंतु मधल्या काळात अंगण तेवढे गळाले आणि वाडी पक्क्या भिंतींत गेली. पत्र्याचे छत, लोखंडी जाळी बसवलेल्या दोन झडपा, त्याही धूळ येते म्हणून लावलेल्या, आणि आत दाटीवाटीने बसलेली लेकरे. आमचीही खोली अशीच आहे. म्हणून थंडी ओसरली की आणि पाऊस नसला की आम्ही सतरंजी उचलून बाहेरच्या लिंबाखाली जातो. तेथे गाणी होतात, गोष्टी होतात, खिचडीही होते. मुंग्या चावतात, रस्त्याने शेळ्या गेल्या की गोष्ट जागीच थांबते, आणि तपासणीला आलेल्या बाई एकदा विचारूनही गेल्या की खोली असताना लेकरे उन्हात का. मी लिंबाची सावली दाखवली. पडशी त्यामुळे बंद झाली असा माझा दावा नाही, परंतु एकाच आठवड्यात निम्मा पट खोकत बसण्याचा प्रसंग बाहेर बसण्याच्या दिवसांत क्वचित येतो.

एकच काळ असा गेला की मला पडसे झालेच नाही. 2020 च्या मार्चमध्ये बालवाडीला कुलूप लागले, तोंडाला कापड बांधले गेले, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत गावातल्या अंगणवाडीच्या ताया आणि आशाताई घरोघर तापमान मोजत हिंडल्या, आणि माझे नाक इतके स्वच्छ राहिले की मला फोडणीचा वास पुन्हा नव्याने येऊ लागला. त्या निरोगीपणाचे मला काही कौतुक वाटले नाही. 2022 च्या आरंभी कुलूप निघाले तेव्हा जी लेकरे आली त्यांनी आयुष्यात घरच्यांखेरीज कोणाचा श्वासच घेतलेला नव्हता; पहिल्या पंधरवड्यातच सगळी एकदम आजारी पडली, आणि त्यांच्यापाठोपाठ मी.

घरी सासूबाई आहेत. त्यांची ऐंशी उलटली आहे, छाती नाजूक आहे, आणि बालवाडीतले जे पडसे लेकराला तीन दिवस नाक पुसायला लावते तेच त्यांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवू शकते. पडशाला स्वतःपाशी येऊ न देणे माझ्या हाती नाही. पण ते माझ्यापाशी येऊन थांबावे, पुढे ओसरी ओलांडून आत जाऊ नये, यासाठी बंदोबस्त करता येतो. घरी आल्यावर न्हाणीत साबणाने हात-तोंड धुणे, लुगडे बदलणे, घसा खवखवू लागला त्या दिवसापासून तोंडाला कापड, माझे ताट ओसरीवर, आणि दर हिवाळ्याच्या आधी त्यांना फ्लूची लस, हा आमचा शिरस्ता. सासूबाईंना तो अजिबात मान्य नाही. “काय वाळीत टाकल्यावानी बसती गं बाई तिथं,” म्हणत त्या स्वतःचे ताट उचलून ओसरीकडे निघतात, आणि मला उठून अंगणात जावे लागते.

यंदा जूनमध्ये दाखल्याच्या दिवशी एक तरुण आई आली. लेकरू कडेवर, पाठीशी गोणपाटाची पिशवी. तिने सरळ विचारले, “बाई, इथं घातल्यावर लेकरू आजारी पडतं म्हणतात. खरं हाय का?” खरे आहे, असे मी सांगितले, दिवाळीपर्यंत सारखे पडेल, मग कमी होईल, पुढच्या वर्षी आणखी कमी. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून असे आढळले आहे की लहानपणी चार मुलांत वावरलेल्यांना सुरुवातीला जास्त पडशी झाली, पण शाळेच्या वयात ती इतरांहून कमी आजारी पडली, आणि तेरा वर्षांची होईतो दोघांत काही फरक उरला नाही. म्हणजे हा भोग टळत नाही, नुसता आगेमागे होतो, एवढे तिला माझ्या भाषेत समजावले. तिने ते लक्षपूर्वक ऐकून घेतले, माझ्या हातातल्या चिंधीकडे पाहिले आणि विचारले, “अन्‌ तुमचं कवा कमी होणार?”

माझे कमी व्हायचे नाही, मी म्हटले. तिचे लेकरू वरच्या वर्गात जाईल. मी दर जूनला पुन्हा पहिल्याच वर्षात.

“मग लिहा नाव,” ती म्हणाली, आणि लेकराला माझ्या मांडीवर ठेवून पिशवीत आधार कार्ड शोधू लागली.